वास पेट्रोलचा, पण येतो कुठून?

गाडीत पेट्रोलचा वास येतो, गॅरेजला नेली की जातो, घरी आणली की पुन्हा हजर. वाचकांकडून ही तक्रार दर पावसाळ्यात आणि दर उन्हाळ्यात येते. पत्र येईपर्यंत बहुतेकांनी दोन गॅरेज पालथी घातलेली असतात, टाकीचे झाकण बदललेले असते, इंजेक्टर साफ करून घेतलेले असतात आणि शेवटचा उपाय म्हणून डॅशबोर्डवर मोगऱ्याच्या वासाची बाटली चिकटवलेली असते. ती बाटली आधी काढा. शोधकामात तिच्याएवढा अडथळा दुसऱ्या कशाचाच नाही.

मेकॅनिकला वास सापडत नाही, याचे कारण दर वेळी त्याचा निष्काळजीपणा नसतो. गाडी त्याच्याकडे पोचते तेव्हा इंजिन तापलेले असते, टाकी अर्धी असते आणि त्याचे नाक सकाळपासून पेट्रोलमध्येच बुडालेले असते. तुमच्या घरी पहाटे, भरल्या टाकीवर, बंद काचांआड जे घडते ते त्याच्या दारात घडतच नाही. म्हणून निम्मा शोध तुम्हालाच घ्यायचा आहे. त्यासाठी पाना-पकड लागत नाही. एक वही आणि ताजे नाक पुरते.

पहिला निर्णय : गाडी सुरू करायची की नाही

पेट्रोल उणे चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीतही पेट घेण्याजोगी वाफ सोडते. आपल्याकडच्या कुठल्याही हवामानात ते 'सुरक्षित थंड' असे कधी नसतेच. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते, त्यामुळे ती वर उडून न जाता जमिनीलगत पसरते आणि सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगसारख्या जागी साचून राहते. खालीलपैकी काहीही दिसले तर किल्ली फिरवू नका :

- गाडीखाली पेट्रोलचे थेंब किंवा ओला डाग आहे.
- बंद गाडीचे दार उघडताच डोळे चुरचुरतात, घशाला लागते.
- काल हलका होता तो वास आज एकदम वाढला आहे.
- सीएनजीच्या गाडीत कुजक्या कोबीसारखा किंवा सडक्या अंड्यासारखा वास येतो आहे.

गाडी चालवत असताना वास एकाएकी भरून आला तर ती कडेला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा आणि लांब उभे राहा. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल आणि इंजिन धडधडत असेल, तरीही थांबा. अशा वेळी न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो लालबुंद तापू शकतो. बॉनेटमधून धूर येत असेल तर बॉनेट उघडू नका; आत हवा गेली की आग भडकते. मदतीसाठी ११२ किंवा अग्निशमन दलाचा १०१, आणि राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३.

काही जण धावत जाऊन बॅटरीचा टर्मिनल काढतात. तो काढताना ठिणगी पडते. वाफ साचलेली असताना ही हुशारी नको. तळघरात वास कोंडला असेल तर तिथला पंखा किंवा दिवा चालू-बंद करू नका. थेंब पडत नसतील तर दारे उघडी ठेवून गाडी न्यूट्रलमध्ये चार जणांनी ढकलत बाहेर काढा. थेंब पडत असतील तर तिच्याजवळ कोणाला जाऊ देऊ नका आणि अग्निशमन दलाला बोलवा.

वास तुमच्याच गाडीचा आहे ना?

प्रश्न बाळबोध वाटेल, पण शेजारी लावलेल्या जुन्या स्कूटरचा पेट्रोल कॉक गळत होता आणि मालक स्वतःच्या नव्या कारचे पार्ट बदलत बसला होता, हे मी पाहिले आहे. गाडी दोन दिवस दुसऱ्या जागी लावून पाहा. पंपावर सांडलेल्या पेट्रोलमध्ये बूट भिजले असतील तर वास मॅटवर आठवडाभर टिकतो. डिकीत पेट्रोलचा कॅन, थिनर किंवा रंगाचा डबा नाही ना, हेही पाहा. गाडी नुकतीच सर्व्हिसिंगहून आली असेल तर एक विचारा : इंजिन कशाने धुतले? आपल्याकडे अजूनही अनेक ठिकाणी इंजिनावर आणि गाडीच्या पोटाला डिझेल किंवा रॉकेल फवारतात. तो वास तीन-चार दिवसांत, फार तर आठवड्यात विरतो. त्यापुढेही राहिला तर शोध सुरू करा.

वही : वास कधी येतो?

आठवडाभर रोज दोन ओळी लिहा. तारीख, वेळ, टाकीत किती पेट्रोल होते, गाडी उभी होती की चालू, काचा आणि एसी कसे होते. हे लिहिणे कंटाळवाणे आहे, मान्य. पण आठव्या दिवशी वही बहुतेक वेळा जागेकडे बोट दाखवते.

*टाकी भरल्यावर एक-दोन दिवस येतो, मग जातो.* दोष मागच्या बाजूला, टाकीच्या वरच्या भागात आहे : झाकण, पेट्रोल भरण्याची नळी, टाकीवरच्या पंपाची वायसर किंवा वाफ शोषणारा कोळशाचा डबा. पेट्रोलची पातळी खाली गेली की गळती थांबते, म्हणून अर्ध्या टाकीवर ती कोणालाच सापडत नाही.

*घाटात, तीव्र वळणावर किंवा खडबडीत रस्त्यावर येतो.* पुन्हा टाकीचा वरचा भाग. आत पेट्रोल हिंदकळते आणि सैल वायसरपाशी पोचते.

*थंडीत सकाळी पहिली पाच मिनिटे येतो, इंजिन तापले की जातो.* दोन शक्यता. थंड इंजिनाला सुरुवातीला पेट्रोल जास्त दिले जाते, त्यामुळे सायलेन्सरमागे थोडा वास येणे स्वाभाविक आहे. पण तोच वास बॉनेटपाशी येत असेल तर इंजेक्टरच्या रबरी ओ-रिंग किंवा पाइपाचे जोड पाहा. रबर जुने होऊन कडक झाले की थंडीत आकसते आणि गळू लागते, तापले की फुगून पुन्हा बसते.

*उन्हात गाडी लावून परत आल्यावर येतो.* टाकीतली वाफ वाढली आहे आणि ती कोळशाच्या डब्यात न जाता बाहेर पडते आहे.

*सिग्नलला थांबल्यावर येतो, वेग घेतला की जातो.* इंजिनाचा भाग किंवा सायलेन्सर. चालत्या गाडीत वारा वास मागे नेतो, थांबल्यावर तो पुढून आत शिरतो.

*मागची काच किंवा डिकी नीट बंद नसताना, चालत्या गाडीत येतो.* हा सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो आहे. याला नुसता वास म्हणून सोडू नका. धुरात बिनवासाचा कार्बन मोनॉक्साइडही असतो. डिकीच्या दाराची रबरी पट्टी तपासा.

आता एक सोपी चाचणी. वास येत असताना ब्लोअर बाहेरची हवा घेण्यावर ठेवा, मग आतलीच हवा फिरवण्यावर करा. बाहेरची हवा पुढच्या काचेच्या तळाशी, बॉनेटलगत असलेल्या जाळीतून आत येते. ती बंद केल्यावर वास कमी झाला, तर तो इंजिनाच्या बाजूने येतो आहे. उलट वाढला, तर उगम गाडीच्या आत किंवा मागे आहे. एवढ्या एका बटणाने निम्मी गाडी संशयातून सुटते.

नाकाची परीक्षा

नाक पाच मिनिटांत वासाला सरावते, त्यामुळे ज्याने अख्खी रात्र पार्किंगमध्ये काढली त्या वॉचमनला विचारून उपयोग नाही. रात्री काचा बंद करून गाडी लावा, खाली जाड पुठ्ठा किंवा वर्तमानपत्रे पसरा. सकाळी चहाच्या आधी जा. आधी डिकी उघडा, वास घ्या, बंद करा. मग मागचे दार आणि मागच्या सीटखाली. मग टाकीच्या झाकणाची झडप, मागच्या चाकाची कमान आणि शेवटी बॉनेट. प्रत्येक जागेच्या मध्ये मिनिटभर मोकळ्या हवेत जा. घरातले कोणी वासाला तीक्ष्ण असेल तर त्यांना तुमचे उत्तर न सांगता हीच फेरी मारायला लावा. दोघांचे उत्तर जुळले तर जागा पक्की समजा.

पुठ्ठ्यावरचे डागही बोलतात. स्वच्छ पाणी एसीचे, काळे चिकट ते इंजिन ऑइल, हिरवे किंवा गुलाबी कूलंट, तेलकट आणि न वाळणारे डिझेल. पेट्रोल मात्र उडून जाते आणि मागे फक्त फिकट कडा राहते. गळती बारीक असेल तर ते जमिनीपर्यंत पोचतच नाही. म्हणून डाग नाही याचा अर्थ गळती नाही, असा काढू नका. पाइपावरच्या धुळीत ओला काळपट पट्टा दिसतो का ते पाहा. बॅटरीवरचा टॉर्च वापरा आणि तो गाडीपासून लांब असतानाच लावा. वायरीला टांगलेला बल्ब, मेणबत्ती, लायटर यांतले काहीही नको. जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली शिरू नका.

कुठे सापडते

झाकण आणि भरणी. झाकणाची रबरी रिंग चिरलेली किंवा चपटी झालेली असते. हा सर्वांत स्वस्त दोष, त्यामुळे सगळे इथूनच सुरुवात करतात आणि इथेच थांबतात. भरण्याची नळी टाकीला रबरी तुकड्याने जोडलेली असते; तो चिरला तर पंपावर भरतानाच चाकाच्या कमानीतून पेट्रोल ठिबकते.

कोळशाचा डबा. टाकीतली वाफ या डब्यातल्या कोळशात शोषली जाते आणि इंजिन चालू असताना एका व्हॉल्व्हमधून ओढून जाळली जाते. याचा मोठा शत्रू म्हणजे आपली 'राउंड फिगर'ची सवय. नोझल एकदा आपोआप बंद पडला की टाकी भरली. त्यानंतर 'साहेब, दोन हजार पूर्ण करतो' म्हणत आणखी दाबले, की पेट्रोल वाफेच्या वाटेने कोळशात शिरते. भिजलेला कोळसा पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. उन्हाळ्यात टाकी फुल केली तर स्फोट होतो, असा संदेश दर मे महिन्यात फिरतो. तो खोटा आहे, टाकीत फुगवट्यासाठी जागा सोडलेली असते. पण ही जागा नोझलच्या पहिल्या टकपर्यंतच मोजलेली असते.

ही केवळ सावधगिरीची सूचना नाही. मारुतीने एप्रिल २०१४ मध्ये अर्टिगा, स्विफ्ट आणि डिझायर मिळून १,०३,३११ गाड्यांची हीच भरणीची नळी बदलून देण्यासाठी गाड्या परत बोलावल्या होत्या. पहिल्या टकनंतरही पेट्रोल भरत राहिल्यास वास येऊ शकतो आणि क्वचित गळतीही होऊ शकते, हेच तेव्हाचे कारण होते.

टाकीवरच्या पंपाची वायसर. माझ्या स्वतःच्या अकरा वर्षे जुन्या हॅचबॅकने मला चार महिने दमवले ते इथेच. वास फक्त फुल टाकीवर यायचा. एका गॅरेजने झाकण बदलले, दुसऱ्याने इंजेक्टरचे सील. शेवटी वही वाचून एका वयस्क मेकॅनिकने विचारले, "मागं कधी पंप काढला होता का?" काढला होता, वर्षभरापूर्वी. मागची सीट उचलून पत्र्याचे झाकण उघडले तर खाली ओले होते. पंप बदलताना नवी रिंग न टाकता जुनीच बसवली होती. पंप उघडला की रिंग नवी, हा नियम जॉबकार्डवर लिहून घ्या. काही गाड्यांत सीटखाली असे झाकण नसते. तिथे टाकीच उतरवावी लागते आणि मजुरी वाढते, हे आधी विचारा.

पाइप. इंजेक्टरच्या गाड्यांत पाइपातला दाब साधारण तीन ते चार बार असतो, म्हणजे तुमच्या टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त. अशा जागी बारीक भेगही फवारा मारते. पावसाळ्यात आसरा शोधत बॉनेटमध्ये शिरलेले उंदीर वायरिंगबरोबर हे पाइपही कुरतडतात. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आता सर्वत्र मिळते आणि जुन्या गाड्यांचे सगळे रबर त्यासाठी बनवलेले नाही. गाडी जुनी असेल तर रबरी पाइप आणि सील एकदा सगळेच पाहून घ्या.

इंजेक्टर. बाहेरून ओ-रिंग गळते तेव्हा बॉनेटमध्ये वास येतो. आतून गळतो तेव्हा पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पट्टी काढून वास घ्या. पट्टीला पेट्रोलचा ठसठशीत वास असेल किंवा ऑइलची पातळी न भरता वाढली असेल, तर गाडी चालवू नका. पातळ झालेले ऑइल इंजिन खाते.

पीयूसीचा कागदही काढून पाहा. त्यावर हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइडचे आकडे छापलेले असतात. मागच्या वर्षीपेक्षा ते खूप चढले असतील तर पेट्रोल नीट जळत नाही, म्हणजे वास गळतीचा नसून सायलेन्सरचा असू शकतो.

डिझेल आणि सीएनजी

डिझेल पेट्रोलइतक्या सहज पेटत नाही, पण त्याचा फवारा तापलेल्या टर्बोवर पडला तर पेटते. फिल्टर बदलल्यानंतर वास सुरू झाला तर फिल्टरचा जोड आणि इंजेक्टरवरचे परतीचे बारीक पाइप पाहा. आधुनिक डिझेल इंजिनात दाब दीड हजार बारच्या पुढे जातो. चालू इंजिनात गळती हाताने चाचपू नका. ती धार कातडी भेदून आत जाते. जखम सुईच्या टोचण्याएवढी दिसली तरी लगेच रुग्णालय गाठा.

सीएनजीच्या गाडीत आधी वास ओळखा. सीएनजीला मुद्दाम घाण वास दिलेला असतो आणि तो वायू हलका असल्याने वर जातो. काचा आणि दारे उघडली की लवकर निघून जातो. इंजिन बंद करून सिलिंडरवरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करा. तो कुठे आहे ते आजच बघून ठेवा. सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत दाब असतो, त्यामुळे जोड स्वतः आवळणे सोडूनच द्या. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो चाचणी बंधनकारक आहे. बाहेरून किट बसवले असेल तर त्याची नोंद आरसीवर आणि विम्यात हवीच, नाहीतर आगीनंतरचा दावा अडतो. आणि सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत पेट्रोलचाच वास येत असेल, तर महिनोन्‌महिने न वापरल्याने पेट्रोलच्या बाजूचे रबर सुकले आहे का ते पाहा. आठवड्यातून थोडे अंतर पेट्रोलवर चालवा.

गॅरेजमध्ये काय सांगायचे, काय मान्य करायचे नाही

'वास येतो' एवढेच सांगू नका. 'टाकी फुल असताना, रात्री उभी ठेवल्यावर, मागच्या सीटपाशी येतो' असे सांगा आणि तेच शब्द जॉबकार्डवर लिहायला लावा. गाडी शक्य तर आदल्या संध्याकाळी देऊन ठेवा, म्हणजे सकाळी थंड असताना पाहता येईल.

तीन गोष्टी विचारा. वाफेच्या वाटेत धूर सोडून गळती शोधण्याचे यंत्र आहे का? इंजिन बंद केल्यावर पाइपातला दाब टिकतो का, ते गेज लावून पाहाल का? आणि काढलेले पार्ट परत द्याल का? 'स्कॅनरवर काही दाखवत नाही, म्हणजे गाडी ठीक आहे' हे उत्तर स्वीकारू नका. आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांत वाफेची गळती पकडणारी यंत्रणाच नसते, मग स्कॅनर दाखवणार काय?

जोडावर एम-सील, टेफ्लॉन टेप, साध्या पाण्याच्या किंवा गॅसच्या शेगडीच्या पाइपाचा तुकडा, नुसता आवळलेला क्लॅम्प यांतले काहीही दुरुस्ती नव्हे. इंजेक्शनच्या गाडीला त्या दाबाचाच पाइप लागतो. त्यावर एसएई जे-३० आर-९ असे छापलेले असते.

वॉरंटी, रिकॉल आणि तक्रार

'नव्या गाडीला थोडा वास येतोच' हे वाक्य नव्या प्लास्टिकच्या वासाला लागू आहे, पेट्रोलच्या नाही. वॉरंटीत असाल तर प्रत्येक भेटीचे जॉबकार्ड जपून ठेवा. तोंडी तक्रारीला पुढे किंमत राहत नाही. चासी नंबर टाकून गाडीचा रिकॉल आहे का ते कंपनीच्या संकेतस्थळावर पाहा. रिकॉलची दुरुस्ती मोफत असते आणि गाडी दुसऱ्या हाताची असली तरी मिळते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०-अ नुसार सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश सरकार देऊ शकते.

गॅरेज किंवा विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तिथे पन्नास लाखांपर्यंत मोजलेल्या रकमेचे वाद चालतात, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. जॉबकार्डे, बिले, फोटो आणि तुमची वही सोबत जोडा. तारखांसह लिहिलेली नोंद तिथेही उपयोगी पडते.

दुरुस्तीनंतर

पेट्रोल सांडलेले कार्पेट काढून उन्हात वाळवा. ते भिजलेले असताना केलेली कुठलीही चाचणी फसवी ठरते. मग पहिल्या टकपर्यंत टाकी भरा, पुठ्ठा पसरा, काचा लावून गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी तीच फेरी त्याच क्रमाने मारा. थंड सकाळ, तापलेली दुपार आणि एखादा घाट किंवा खराब रस्ता या तिन्ही वेळी वास आला नाही, तरच वही बंद करा. आला, तर त्याच गॅरेजला त्याच जॉबकार्डाचा नंबर देऊन गाडी परत न्या. पहिल्या दुरुस्तीतच राहिलेल्या दोषाची मजुरी पुन्हा देऊ नका.